ग्रामसभेला माणसंच येत नाहीत, गावात नागरिकांचा गट करायचाय, सुरुवात कुठून करू?

तापीकाठचा_पोऱ्या (१३ जुलै)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, वैतागलोय म्हणून. आमचं गाव तापीच्या काठावर, केळीचा पट्टा, मतदार १९०० च्या आसपास. मी जळगावला एमआयडीसीत कामाला, शनिवारी रात्री गावी येतो आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत. १ मेची सुट्टी होती म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ग्रामसभेला गेलो. आखाजी नुकतीच झालेली, माहेरवाशिणी अजून गावात, पत्त्यांचे डाव पण पूर्ण मोडले नव्हते. सभा सकाळी ११ ची, आणि आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला काय सांगायचं, पत्र्याच्या शेडमध्ये बसलो तर पऱ्हाटीवर भाजायला ठेवलेल्या वांग्यासारखं झालं. माणसं मोजली, २३. त्यात सदस्य, शिपाई, अंगणवाडीच्या ताई, रोजगार सेवक आणि सावलीला आलेले दोन म्हातारे. कोरम (सभेला लागणारी किमान माणसं) नाही, सभा तहकूब, घरी जा.

पुढच्या शनिवारी आलो तर कळलं की मधल्या बुधवारी सभा झाली पण, सगळे विषय मंजूर. शिपाई रजिस्टर घेऊन पारावर आणि चहाच्या टपरीवर फिरला आणि सह्या घेतल्या. माझ्या सख्ख्या काकाने पण सही केली. म्हटलं काका, कशावर केली सही? म्हणे, पोरगं आलं होतं रजिस्टर घेऊन, केली, वरचं अर्धं पान कोरंच होतं.

त्यावरून आम्ही ११ मित्रांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला की गावात नागरिकांचा काहीतरी गट पाहिजे. आता दोन महिने झाले, आणि चर्चा काय चालू आहे तर नाव "मंच" ठेवायचं की "फाउंडेशन", लोगोत केळीचा घड पाहिजे की तापी. एकाला टीशर्ट छापायचेत, एक म्हणतो आधी आरोग्य शिबीर घेऊ म्हणजे नाव होईल, एकाला सगळ्या कामांवर माहिती अधिकार टाकायचाय एकदम. आणि सरपंच आमच्याच भाऊबंदकीतले. आई म्हणते, लोकेस्नं वैर कसाले लेस रे भाऊ.

तर ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा, संस्था रजिस्टर करावी का, पहिलं काम कोणतं धरावं, आणि १५ ऑगस्टच्या सभेला माणसं आणायची कशी. भाषण नको, अनुभव सांगा.

---

भरीत_पार्टी

अनुभव सांगतो भो. आमच्याकडं सहा वर्षांपूर्वी असाच गट निघाला, प्रत्येकी ५०० रुपये काढले, बोर्ड रंगवला, उद्घाटनाला पाहुणे आणले. पाहुण्यांनी पाऊण तास फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन सांगितलं, १९३६, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, नेहरू अध्यक्ष, आपल्या मातीचा वारसा वगैरे. सगळं खरं आहे पण आपल्याकडं कुठल्याही कार्यक्रमात फैजपूर आल्याशिवाय माईक खाली ठेवत नाहीत. मग शेवभाजी झाली. पुढं ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, गटातले दोघं उभे राहिले, एकमेकाच्या विरोधात. बोर्ड अजून आहे, त्याच्यावर आता कबुतरं बसतात.

तुमच्या अकरात पण दोन उमेदवार निघणार हे लिहून ठेवा. नाउमेद करत नाही, पण टीशर्टवाल्याकडं जरा लक्ष असू द्या.

---

दप्तरबंद

मी रिटायर्ड ग्रामसेवक. २०२४ मध्ये नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलं, मी त्याच्या आधीच सुटलो. आमच्या बाजूचं पण ऐका म्हणून लिहितो.

पहिलं, कोरमचा हिशोब. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी तो. तुमच्या १९०० चे १५ टक्के म्हणजे २८५, म्हणून तुमचा आकडा १००. आणि खरी गोम पुढं आहे, तहकूब झालेली सभा परत भरते तेव्हा तिला कोरमच लागत नाही. त्यामुळे पहिल्या सभेला माणसं नाही आली तर सरपंचाचं काही बिघडत नाही, उलट काम हलकं होतं. दुसऱ्या सभेची तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही. हे काय एका गावाचं नाही.

कोऱ्या पानावर सह्या मी पण घेतल्यात, खोटं कशाला बोलू. माझ्याकडं तीन गावं होती, एकाच दिवशी तिन्हीकडं ग्रामसभा, वरून फोटो मागतात, अहवाल मागतात. हजेरीच्या सह्या आधी घ्यायच्या आणि ठराव रात्री घरी बसून लिहायचे. कधी प्रामाणिकपणे लिहिले, कधी शेजारी कोणी बसून सांगितलं तसे लिहिले. आज वाईट वाटतं पण तेव्हा कोणी विचारलं पण नाही, तीन गावांत मिळून सगळ्या नोकरीत मला "इतिवृत्त वाचून दाखवा" म्हणणारे फक्त दोन माणसं भेटले, त्यातला एक थोडा प्यायलेला होता.

आता कामाचं. अजेंड्यावर विषय क्रमांक १ कायम एकच असतो, "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे". सगळीकडं हा विषय अर्ध्या मिनिटात "मंजूर मंजूर" करून पुढं जातात. तुम्ही फक्त तिथं थांबायचं. शांतपणे म्हणायचं, वाचून दाखवा. आवाज चढवायचा नाही, मोबाईल तोंडासमोर धरून शूटिंग तर मुळीच नाही, त्याने समोरचा आणखी आखडतो. प्रत्येक ठरावाला सूचक (ठराव मांडणारा) आणि अनुमोदक (त्याला दुजोरा देणारा) अशी दोन नावं असतात, ती मोठ्याने वाचायला लावा. बाकी मंच, लोगो, शिबीर याच्यात मला काही कळत नाही. रजिस्ट्रेशनची गरज नाही, मतदार यादीत नाव आहे तेवढं बस.

आणि हो, सभेची नोटीस सात दिवस आधी लागते, तिचा फोटो काढून ग्रुपवर टाका. दवंडी पण द्यायची असते, पण आता दवंडी म्हणजे शिपायाचं स्टेटस.

---

तापीकाठचा_पोऱ्या

दप्तरबंद काका, एवढं खरं कोणी सांगत नाही, आभार. विषय क्रमांक १ वर कधी लक्षच गेलं नव्हतं. माहिती अधिकाराचं काय, टाकू का?

---

दप्तरबंद

टाकायचा तर टाक, पण आधी जे उघडं पडलंय ते तरी बघ. ई-ग्रामस्वराज नावाची सरकारी वेबसाईट आहे, गावाचं नाव टाकलं की वित्त आयोगाच्या (म्हणजे केंद्राकडून पंचायतींना येणाऱ्या) पैशाचा आराखडा आणि झालेला खर्च दिसतो. १५ व्या वित्त आयोगाच्या पैशातला ८० टक्के वाटा आपल्या राज्यात ग्रामपंचायतीला दिला, उरलेला पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला १०-१०. आणि मिळालेल्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच लावायचा होता. म्हणजे गटारीचं काम हे कोणाचे उपकार नव्हते, तिथंच लावायचे होते.

मग सोमवारी दुपारी ३ ते ५ ऑफिसात जाऊन रेकॉर्ड बघायला मागायचं, २०१८ चा शासन निर्णय आहे, बघायला अर्ज-फी लागत नाही. तरी नाही दाखवलं तर माहिती अधिकार, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, ३० दिवसांत उत्तर. पण सगळ्या कामांवर एकदम अर्ज म्हणजे तोफ उंदरावर. एक काम धर, ज्याच्यावरून रोज चालतोस ते.

---

झोक्यावरची_ताई

मी ग्रामपंचायत सदस्य आहे, महिला राखीव वॉर्डातून, दुसरी टर्म. पोऱ्या भाऊ, तुझ्या अकरा जणांत बाया किती? लिहिलं नाहीस म्हणजे शून्य असणार, मला माहितीये.

दप्तरबंद काकांनी एक सांगितलं नाही. मोठ्या ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावीच लागते, कायद्यात आहे. आमच्याकडं ती कशी व्हायची ऐक, अंगणवाडीत पोषण आहाराला आलेल्या चार बायांच्या सह्या घ्यायच्या, झाली सभा. मी पहिली टर्म नुसती बसून काढली, ठराव काय झाला ते मालक घरी येऊन सांगायचे, म्हणजे मी सभेत होते तरी मला त्यांच्याकडूनच कळायचं, असं येड्यासारखं. दुसऱ्या टर्मला ठरवलं की महिला सभेची वेळ बदलायची. सकाळी ११ ला बाई कुठं असते, निंदणीला नाहीतर कापूस वेचायला, रोज बुडवून कोण येईल तुमच्या सभेला. आम्ही संध्याकाळी सातला मारुतीच्या ओट्यावर ठेवली, बचत गटाचा हप्ता भरायचा त्याच दिवशी. पहिल्याच वेळेला ५० च्या वर बाया. काही नाही केलं, फक्त वेळ आणि जागा बदलली.

आणि तिथं पहिला विषय काय निघाला सांगू? रस्ता नाही, गटार नाही, हागणदारीच्या वाटेवरचा लाईट. संडास आहेत घरोघरी पण पाणी चार दिवसांआड येतं तर रात्रीचं काय करायचं म्हणून बाया अजून बाहेरच जातात, आणि त्या वाटेवरचा बल्ब एका वर्षापासून गेलेला. पुरुषांच्या सभेत हा विषय शंभर वर्षं निघाला नसता. ठराव लिहिला, मोठ्या ग्रामसभेत मी उभं राहून वाचला, पाय लटपटत होते. आठ दिवसांत बल्ब लागला. दोन महिन्यांनी परत गेला हा भाग वेगळा, पण आता बाया स्वतःच शिपायाला अडवतात.

म्हणून म्हणते, भाऊबंदकीची भीती असेल तर आईलाच घेऊन जा सभेला. आई बसलेली असली ना, की मग वैर वगैरे कोणी बोलत नाही.

---

भरीत_पार्टी

ताई मानलं. बल्बवाली गोष्ट आमच्या गावाची पण आहे, फक्त आमचा अजून लागला नाही.

---

पांझराकाठ

धुळ्यातून. तुमच्याकडं निदान ग्रामसभा तरी आहे राव. शहरात काय आहे? २००९ साली महापालिकेच्या कायद्यात क्षेत्रसभा आली, म्हणजे नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांना घेऊन बसायचं, पण मी तरी आमच्या प्रभागात कधी बसलेली पाहिली नाही. आणि मधली काही वर्षं तर नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, मग बसायचं कोणाबरोबर.

आम्ही कॉलनीतले सात-आठ जण आहोत, बहुतेक पेन्शनर, मी सगळ्यात लहान म्हणून लिहायचं काम माझं. आमचा पण आधी लोगोवाला काळ झाला. मग एक काका म्हणाले की आपण तक्रारी करतो, "लाईट बंद आहेत", तर अधिकारी म्हणतो "पाहतो". त्यापेक्षा मोजू. दोन रात्री फिरलो, खांबावरचे नंबर लिहून काढले, ज्याला नंबर नव्हता त्याच्यासमोरच्या घराची खूण लिहिली. ६४ खांब, बंद निघाले २३. तो कागद घेऊन जिल्हाधिकारी कचेरीत लोकशाही दिनाला, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस, महिन्याचा पहिला सोमवार असतो, १५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. मोजलेला कागद असला की समोरचा "पाहतो" म्हणू शकत नाही, त्याला खांब क्रमांक विचारावा लागतो. २३ पैकी १७ लागले. उरलेल्या सहाचं काय झालं तर ते खांब आमच्या यादीत होते आणि त्यांच्या यादीत नव्हतेच, म्हणजे कागदावर तो रस्ता अजून झालाच नाहीये. त्याचं चालू आहे.

दुसरं काम आम्ही मतदार यादीचं करतो आणि ते कोणत्याही गावात होऊ शकतं. यादी घेऊन गल्लीत बसायचं आणि मोठ्याने वाचायची. वारलेली माणसं निघतात, लग्न होऊन गेलेल्या मुली निघतात, १८ पूर्ण झालेली पोरं निघत नाहीत. नवीन नावाला फॉर्म ६, वगळायला ७, पत्ता किंवा दुरुस्तीला ८. आता वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, म्हणजे पोराला वर्षभर थांबायची गरज नाही. याच्यात कोणाशी वैर होत नाही, उलट लोक चहा पाजतात, आणि घरोघरी ओळख होते ती पुढं कामाला येते. फक्त वगळायचा फॉर्म भरताना नीट, जिवंत माणसाचं नाव वगळायला निघालो होतो आम्ही एकदा, ते आजोबा सुरतला पोराकडं होते. फार शिव्या खाल्ल्या.

---

सातपुड्याचा_पायथा

नंदुरबार जिल्हा, अक्राणीकडचा. आमच्याकडं पेसा आहे, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा १९९६ चा कायदा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. त्याने पाड्याची पण स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, त्यामुळे १०० माणसांची चिंता आम्हाला वेगळ्या तऱ्हेची आहे, पाड्यात सगळे एकमेकांना ओळखतात, बोलावायला शिट्टी पुरते. अडचण दुसरीच, कागद मराठीत, बोलणं पावरीत, आणि वाचून दाखवणारा तिसऱ्याच भाषेत घाई करतो. आम्ही दोन पोरं ठेवलीत, वाचलेलं लगेच आपल्या बोलीत सांगायला. सभा लांबते पण लोक बसतात.

बघायचंच असेल तर साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघून या, तुमच्याकडून लांब नाही. चारशे हेक्टरच्या वर जंगल गावाने स्वतः नियम करून राखलंय, झाड तोडलं की दंड, राखणीला पाळ्या. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांना कळलं, पण गाव तीस वर्षांपासून बसून ठरवतंय. मी वनभाजीच्या स्पर्धेला गेलो होतो एकदा, खाण्यासाठीच गेलो होतो खरं सांगायचं तर. तिथं एक गोष्ट लक्षात राहिली, बोर्ड-बिर्ड काही दिसला नाही, पण कोणालाही विचारा, नियम काय आहेत ते म्हातारीपासून पोरापर्यंत सगळ्यांना पाठ.

---

तापीकाठचा_पोऱ्या (२४ ऑगस्ट)

उशीर झाला लिहायला, शिफ्ट बदलली होती. काय झालं ते सांगतो.

लोगोची चर्चा बंद केली, टीशर्टवाला ग्रुप सोडून गेला (भरीत भाऊ, तुमची जीभ काळी आहे, तो खरंच उभा राहणार म्हणतोय). पांझराकाठ भाऊंचं ऐकून आधी मतदार यादी वाचली, तीन रविवार. १४ नवीन पोरांचे फॉर्म भरले. त्यात घरोघरी सांगितलं की १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की घरी पळू नका.

१५ ला माणसं मोजली, ७८. बायका १९, त्यात माझी आई. कोरमला २२ कमी, आणि सभा परत तहकूब. खरं सांगतो रडू आलं. पण तिथंच आईने विचारलं, मग आता कधी? सगळ्यांसमोर तारीख घ्यायला लावली, २० ऑगस्ट, संध्याकाळी साडेसहा. मी अर्धी सुट्टी टाकून आलो. ६१ माणसं होती. कोरम लागत नाही हे यावेळी आमच्या कामी आलं.

विषय क्रमांक १. मी काही बोलायच्या आधीच दोन-तीन "मंजूर" झालेच होते. मी उभा राहिलो आणि म्हटलं वाचून दाखवा, आवाज कसा निघाला मलाच कळलं नाही. ग्रामसेवक नवीन आहेत, त्यांनी सरपंचाकडं बघितलं, सरपंचांनी छताकडं. मग वाचायला लागले. चौथ्या ठरावात आलं की स्मशानभूमीच्या शेडचं काम बदलून तो पैसा अंतर्गत रस्त्याला घ्यावा. सगळे एकदम गप्प, कारण पावसात प्रेत ताडपत्री धरून जाळतात आमच्याकडं, शेडची वाट गाव बघून राहिलंय चार वर्षांपासून. म्हटलं सूचक-अनुमोदक वाचा. सूचक एक सदस्य. अनुमोदक म्हणून माझ्या काकाचं नाव.

काका मागं खांबाला टेकून बसले होते. उठले, टोपी काढली, परत घातली, आणि म्हणाले, "मी तं त्या दिवशी मळ्यात होतो, घड कापायची गाडी आली होती. सही संध्याकाळी पारावर केली." एवढंच. नंतर कोणी ओरडलं नाही, भांडण नाही, पण दहा मिनिटं सगळे एकदमच बोलत होते. शेवटी सरपंच म्हणाले की विषय पुढच्या सभेत परत घेऊ, आणि आमची हरकत रजिस्टरमध्ये लिहिली. लिहिलेली मी स्वतः वाचली, मगच खाली सही केली, आणि माझ्या सहीच्या वर कोरी जागा राहिली होती तिथं ग्रामसेवकांनाच आडवी रेघ मारायला लावली.

काका तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. बैलपोळा झाला तरी घरी बोलावलं नाही. आई म्हणते निघेल राग, मला वाटत नाही इतक्यात निघेल, चारचौघांत त्यांची मान खाली गेली ती माझ्यामुळेच. हे मी आधी त्यांना घरी सांगायला पाहिजे होतं का? पण तेव्हा अनुमोदक म्हणून त्यांचं नाव आहे हे मला तरी कुठं माहीत होतं.

आता दप्तरबंद काका, त्या ठरावाची आणि हरकतीची नक्कल पाहिजे, अर्ज कोणाच्या नावाने करू? आणि महिला सभेची वेळ बदलायला ताई, तुम्ही पत्र दिलं होतं की तोंडी?

---

झोक्यावरची_ताई

पत्र. २७ बायांच्या सह्या आणि अंगठे. मसुदा पाठवते, त्यात वेळ आणि जागा तुमची टाक. आणि काकूला भेट आधी, काकांना नंतर.

---

दप्तरबंद

अर्ज ग्रामपंचायतीच्या नावाने, दोन प्रती कर, एकीवर तारखेसकट पोच घे. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठव. रेघ मारायला लावली ते झकास केलं, मला असं कोणी लावलं असतं तर मी पण सुधारलो असतो लवकर.